राणी जन्मते की घडते?

मधमाशीचा पाठ शिकवताना एक वाक्य बहुतेक वर्गांत फळ्यावर येते : ‘मधमाश्यांमध्ये तीन जाती असतात – राणी, नर आणि कामकरी.’ मुले ते वहीत उतरवून घेतात, पोळ्याची आकृती काढतात आणि पाठ पुढे सरकतो. पण या वाक्यातला ‘जाती’ हा शब्द मुलांच्या कानावर पडतो तेव्हा तो रिकामा नसतो. जात म्हणजे काय, हे आपल्याकडच्या मुलाला बहुधा शाळेत येण्याआधीच कळलेले असते. ती जन्माने मिळते, बदलत नाही आणि कोणी कोणते काम करायचे ते ठरवते, हा अर्थ तो शब्द सोबत घेऊनच येतो.

शिरोली एमआयडीसीच्या परिसरातली शाळा डोळ्यांसमोर आणा. पंचगंगेचा पूल ओलांडला की पुणे–बंगळूर महामार्गालगत फौंड्र्या आणि मशीन शॉप सुरू होतात. अशा भागातल्या वर्गात बसलेल्या कितीतरी मुलांचे आईवडील पाळ्यांमध्ये काम करणारे कामगार असतात. त्या मुलांसमोर आपण ‘राणी अंडी घालते, कामकरी माश्या मरेपर्यंत राबतात, ही निसर्गाचीच योजना आहे’ असे म्हणतो, तेव्हा जीवशास्त्राबरोबर आणखीही काहीतरी नकळत शिकवून जातो.

म्हणून हा प्रश्न नीट विचारायला हवा : प्राण्यांच्या समाजात राणी कोण आणि राबणारे कोण, हे जन्मानेच ठरलेले असते का? याचे उत्तर शोधायला शास्त्रज्ञांना दोनशेहून अधिक वर्षे लागली. या इतिहासात एक अंध मधमाशी-अभ्यासक आहे, महाबळेश्वर आणि पुणे आहे, आफ्रिकेतला एक बिनकेसाचा उंदीर आहे आणि आपल्या शेडच्या पत्र्याखाली घरटे करू शकणारी एक साधी गांधीलमाशीही आहे.

राजाची राणी झाली

पोळ्यातली सर्वांत लांब, सगळ्यांच्या मधोमध असणारी माशी ही राजा आहे, अशी समजूत युरोपात अ‍ॅरिस्टॉटलच्या काळापासून चालत आली होती. जिथे सत्ता तिथे पुरुष, असे मानणाऱ्या समाजाला दुसरे काही सुचणेही अवघड होते. सतराव्या शतकात हॉलंडच्या यान स्वामरडॅमने या ‘राजा’चे सूक्ष्मदर्शकाखाली विच्छेदन केले, तेव्हा आत अंडाशय सापडले. राजा ही पोळ्याची आई निघाली. मग तिला राणी म्हणायला सुरुवात झाली. लिंग दुरुस्त झाले, पण राजेशाही तशीच राहिली!

पुढचा धक्का अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात बसला. जर्मनीतल्या शिराख नावाच्या धर्मगुरूने दाखवले की राणी नाहीशी झाली तर माश्या एखाद्या साध्या कामकरी अळीपासून नवी राणी तयार करू शकतात. स्वित्झर्लंडच्या फ्रान्स्वा ह्यूबरने हे प्रयोग पुन्हा करून पाहिले आणि १७९२ मध्ये आपली निरीक्षणे पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. ह्यूबर अंध होता. प्रत्यक्ष पाहण्याचे काम त्याचा नोकर फ्रान्स्वा बर्नेन्स करीत असे. ह्यूबर प्रश्न विचारायचा, प्रयोग आखायचा आणि बर्नेन्स तासन्‌तास पेटीसमोर बसून उत्तरे आणायचा. मधमाशीविषयीच्या आजच्या ज्ञानाचा मोठा पाया या जोडीने घातला.

त्यांच्या कामातून निघालेली गोष्ट आज आपल्याला बारकाव्यांसह माहीत आहे. राणी होणारे अंडे आणि कामकरी होणारे अंडे यांच्यात मुळात फरक नसतो. दोन्ही फलित अंडी असतात आणि दोन्हींतून मादीच जन्मते. पहिले सुमारे तीन दिवस सगळ्याच अळ्यांना दाई माश्यांच्या ग्रंथींतून पाझरणारा पौष्टिक रस मिळतो. त्यानंतर कामकरी अळीच्या वाट्याला परागकण आणि मध मिसळलेले साधे अन्न येते. राणी होणाऱ्या अळीला मात्र मोठ्या, खाली लोंबणाऱ्या घरात तोच पौष्टिक रस भरपूर मिळत राहतो. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ मध्ये याचा जनुकीय पुरावा दिला. जनुकांवर रासायनिक खुणा करणारे एक विकर अळ्यांमध्ये दाबून टाकले, तेव्हा त्यातल्या बहुतेक अळ्या राणीसारख्या वाढल्या. याचा अर्थ असा की राणी होण्याची पूर्ण तयारी प्रत्येक कामकरी माशीच्या जनुकांत असते. ती वापरली जाते की नाही, हे ताटात काय पडते त्यावर ठरते.

डार्विनची अडचण आणि एक उसना शब्द

चार्ल्स डार्विनचा ‘ऑरिजिन ऑफ स्पीशीज’ हा ग्रंथ १८५९ मध्ये आला. त्यात वांझ मुंग्यांविषयी त्याने मोकळेपणाने लिहिले आहे की ही अडचण सुरुवातीला त्याला आपल्या सिद्धांताच्या मुळावर येणारी वाटली होती. जो प्राणी पिल्ले जास्त मागे ठेवतो त्याचे गुण टिकतात, असे नैसर्गिक निवडीचे तत्त्व सांगते. मग जी मुंगी एकही पिल्लू मागे ठेवत नाही तिचे राबण्याचे, लढण्याचे गुण पुढच्या पिढीत येतात कसे? निवड एकट्या जिवाइतकीच कुटुंबालाही लागू पडते, असे डार्विनने उत्तर दिले. उत्तराची दिशा बरोबर होती. पण आनुवंशिकतेचे नियमच ठाऊक नसल्यामुळे हिशेब मांडणे त्याला शक्य नव्हते.

डार्विनने याच चर्चेत मुंग्यांच्या वेगवेगळ्या आकारांच्या कामकऱ्यांसाठी ‘कास्ट’ हा शब्द वापरला आहे. या शब्दाचा प्रवास पाहण्यासारखा आहे. पोर्तुगीज भारतात आले, इथली जातव्यवस्था पाहिली आणि तिला आपल्या भाषेतला ‘कास्टा’ हा शब्द लावला. तो इंग्रजीत गेला आणि तिथून कीटकशास्त्रात शिरला. आपण कीटकशास्त्र इंग्रजीतून मराठीत आणले आणि ‘कास्ट’चे भाषांतर ‘जात’ असे केले. आपल्या समाजाचे वर्णन जगाला फेरी मारून मुंगीच्या पाठीवर बसून परत आले आणि पाठ्यपुस्तकात निसर्गाचा नियम म्हणून दाखल झाले.

सोळा आणि बत्तीस

आता आपल्या सह्याद्रीकडे वळू या. आपल्या भागात डोंगरातल्या झाडांच्या ढोलीत पोळी करणारी सातेरी, कड्यांवर आणि उंच इमारतींवर एकच मोठे पोळे लटकवणारी आग्या आणि झुडपात छोटे पोळे बांधणारी फुलोरी या मधमाश्या ओळखीच्या आहेत. यांतली सातेरी पेटीत पाळता येते. महाबळेश्वरला १९४६ मध्ये मध संचालनालयाचे काम सुरू झाले. खादी व ग्रामोद्योग आयोगाची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ मध्ये पुण्यात स्थापन झाली. महाबळेश्वर तालुक्यातले मांघर २०२२ मध्ये ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले आणि पुढे आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातले, भुदरगड तालुक्यातले पाटगावही त्याच वाटेने निघाले. ही सगळी याच परंपरेची फळे आहेत.

या परंपरेत केवळ मधाचा विचार झाला नाही. जी. बी. देवडीकर आणि सी. व्ही. ठकार यांनी सहकाऱ्यांसह भारतीय मधमाशीच्या गुणसूत्रांचा अभ्यास करून तो १९५९ मध्ये प्रसिद्ध केला. मधमाशीची गुणसूत्रे मोजणे का महत्त्वाचे, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. सायलेशियातल्या योहान झिएरझोन या धर्मगुरूने १८४५ मध्येच असे मांडले होते की नर मधमाशी अफलित अंड्यातून जन्मते. म्हणजे नराला बाप नसतो! गुणसूत्रांच्या भाषेत सांगायचे तर मादीच्या पेशीत ३२ गुणसूत्रे असतात, सोळा आईकडून आणि सोळा बापाकडून. नरात मात्र आईकडून आलेली सोळाच असतात.

हा फरक १९६४ मध्ये एकदम प्रकाशात आला. त्याआधी १९५५ मध्ये जे. बी. एस. हॉल्डेन यांनी एका लेखात एक गमतीदार हिशेब मांडला होता. नदीत बुडणाऱ्याला वाचवण्यासाठी उडी मारायला लावणारे एखादे जनुक असेल, तर बुडणारा आपला मुलगा किंवा भाऊ असताना ते टिकण्याची शक्यता बरीच आहे. दूरचा नातेवाईक असताना ती फार कमी आहे. हॉल्डेन १९५७ मध्ये भारतात आले, १९६१ मध्ये भारताचे नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे वारले. त्याच १९६४ साली विल्यम हॅमिल्टन या तरुण इंग्रज शास्त्रज्ञाने तो हिशेब पूर्ण गणिती स्वरूपात मांडला. मदत करण्याने नातेवाइकाला होणारा फायदा गुणिले नात्याचा अंश, हा गुणाकार मदत करणाऱ्याच्या तोट्यापेक्षा मोठा असेल, तर मदत करण्याची वृत्ती पिढ्यान्‌पिढ्या टिकू शकते.

वर्गात हा हिशेब चिंचोक्यांनी करून दाखवता येतो. आई म्हणून दोन वाट्या घ्या, एकीत पांढरे रंगवलेले आणि दुसरीत लाल रंगवलेले चिंचोके. बाप म्हणून एकच वाटी, साध्या तपकिरी चिंचोक्यांची. प्रत्येक मुलीला आईच्या दोन वाट्यांतून मिळून दहा चिंचोके आणि बापाच्या वाटीतून दहा. आईकडचे प्रत्येक वेळी नाणे उडवून लाल की पांढरा ते ठरवा आणि ओळीने मांडा. दोन बहिणींच्या ओळी शेजारी ठेवल्या की दिसेल : बापाकडचे दहाही जुळतात, कारण त्याच्याकडे द्यायला दुसरे काही नाहीच. आईकडच्या दहांपैकी सरासरी पाच जुळतात. वीसपैकी पंधरा, म्हणजे पाऊण. माणसांत सख्ख्या बहिणींचे नाते निम्मे असते. मधमाशीत ते पाऊण होते आणि स्वतःच्या मुलीशी मात्र निम्मेच राहते. मग मुलगी वाढवण्यापेक्षा बहीण वाढवणे फायद्याचे! मुंग्या, मधमाश्या, गांधीलमाश्या या एकाच गटात समूहजीवन इतक्या वेळा का उपजले, याचे फार देखणे उत्तर मिळाल्यासारखे वाटले.

देखण्या उत्तराकडे संशयाने पाहायची सवय विज्ञानाने लावली आहे. याच हिशेबात बहिणीचे भावाशी नाते पावच भरते. बहीण-भाऊ सारख्याच संख्येने वाढवले तर सरासरी पुन्हा निम्म्यावर येते. शिवाय राणी मधमाशी एकाच नराशी नव्हे, तर दहाहून अधिक नरांशी संग करते. त्यामुळे पोळ्यातल्या बऱ्याच कामकरी सावत्र बहिणी असतात. आणि वाळवीचे काय? वारुळात राजा-राणी दोघेही असतात, नरांतही गुणसूत्रांचे दोन्ही संच असतात, तरीही हजारो वांझ कामकरी राबतात. गुणसूत्रांचा तो चमत्कार नसतानाही समाज उभा राहत होता.

या चर्चेला एक नावही मिळाले आणि त्याचा भारताशी संबंध आहे. भारतातल्या हॅलिक्टिन माश्यांची घरटी अभ्यासताना सुझान बात्रा यांनी १९६६ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ एन्टोमॉलॉजी’त लिहिलेल्या लेखात ‘युसोशल’ हा शब्द प्रथम वापरला. आपण त्याला ‘पूर्ण समाजशील’ म्हणू. पुढे या शब्दाच्या तीन कसोट्या ठरल्या : पिल्ले सर्वांनी मिळून वाढवणे, दोन-तीन पिढ्यांनी एकत्र राहणे आणि प्रजननाचे काम थोड्यांनीच करणे. या कसोट्यांना उतरणारे सगळे प्राणी तेव्हा कीटकच होते.

आधी वर्तवलेला प्राणी

अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाचे रिचर्ड अलेक्झांडर १९७५-७६ मध्ये आपल्या व्याख्यानांतून एक कल्पना मांडत होते. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत पूर्ण समाजशील जात असतीच तर ती कशी असेल? त्यांनी वाळवीवरून अंदाज बांधला. तो प्राणी जमिनीखाली राहील, कारण बीळ सुरक्षित असते आणि हवे तसे वाढवता येते. त्याचे अन्न मोठे आणि जमिनीतच मिळणारे असेल, म्हणजे कंद. माती टणक असेल, पाऊस ठरावीक ऋतूतच पडेल. शत्रू साप असेल. अ‍ॅरिझोनात हे व्याख्यान ऐकणाऱ्या टेरी व्हॉन या सस्तनप्राणीतज्ज्ञाने सांगितले, ‘तुम्ही तर नेकेड मोल-रॅटचेच वर्णन करता आहात.’ अलेक्झांडर यांनी या प्राण्याच्या अभ्यासक जेनिफर जार्व्हिस यांना पत्र लिहिले. केनियात पकडलेल्या या प्राण्यांवर त्या अनेक वर्षे काम करीत होत्या, आणि कळपातली एकच मादी विते हे कोडे त्यांच्यासमोर होतेच. जार्व्हिस यांनी १९८१ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात सस्तन प्राण्यातला पहिला पूर्ण समाजशील समाज जाहीर केला.

हा प्राणी तसा नवा नव्हता. जर्मन निसर्गअभ्यासक रुपेल याने १८४२ मध्येच त्याला ‘हेटेरोसेफॅलस ग्लेबर’ असे शास्त्रीय नाव दिले होते. इथिओपिया, केनिया आणि सोमालियाच्या कोरड्या भागात तो राहतो. आपण त्याला उघडा बिळउंदीर म्हणू. बोटाएवढा लांब, तीस-पस्तीस ग्रॅम वजनाचा, सुरकुतलेल्या गुलाबी कातडीचा, मोजकेच केस असलेला आणि ओठांच्या बाहेर आलेल्या दातांनी खणणारा. ओठ दातांच्या मागे मिटत असल्यामुळे तोंडात माती जात नाही. पुढचा उंदीर दातांनी माती फोडतो, मागचे रांगेने ती पायांनी मागे सारतात आणि शेवटचा ती तोंडाशी येऊन बाहेर उडवतो. स्लॅबच्या कामावर घमेली हातोहात पुढे जातात, तसेच हे काम, फक्त उलट्या दिशेने.

बिळातली राणी

एका वसाहतीत साधारण सत्तर-ऐंशी बिळउंदीर असतात. कधी तीनशेच्या आसपासही असतात. विणारी मादी एकच आणि तिचे सोबती नर एक ते तीन. गर्भकाळ सुमारे सत्तर दिवसांचा. एका वेळी सरासरी दहा-बारा पिल्ले होतात आणि पंचवीसहून जास्त पिल्लांचीही नोंद आहे. सस्तन प्राण्यांत सहसा पिल्लांची सरासरी संख्या स्तनांच्या संख्येच्या निम्मी असते. इथे ती जवळजवळ बरोबरीने असते. इतरांनी अन्न आणायचे, बीळ राखायचे, पिल्ले उबेत ठेवायची, म्हणून आईला हे परवडते.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. ही मादी राणी कशी झाली? तिच्या जनुकांत काही वेगळे होते का? नाही. बाकीच्या माद्यांची शरीरे जणू वयात येण्याआधी थांबलेली असतात. अंडाशय असते, पण बीज पक्व होत नाही. लंडनच्या ख्रिस फॉल्क्स, डेव्हिड अ‍ॅबट आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या सुमारास दाखवले की अशी मादी वसाहतीतून काढून वेगळी ठेवली, तर साधारण आठवड्याभरात तिचे प्रजननचक्र सुरू होते. वर्षानुवर्षे ‘वांझ’ असलेली मादी आठ दिवसांत आई होण्याच्या मार्गाला लागते. आणि ती खरोखर राणी झाली, तर तिच्या कमरेचे मणके लांब होतात. प्रौढ वयात हाडांची घडण बदलते. एवढ्या पोटासाठी तेवढी जागा हवी ना!

मग इतरांना थांबवते काय? मधमाशीसारखा एखादा गंध असेल, असे आधी वाटले. पण राणीच्या बिछान्याची माती आणि गवत वेगळ्या ठेवलेल्या उंदरांना रोज पुरवूनही त्यांचे प्रजनन थांबले नाही. प्रत्यक्ष राणीचा सहवास लागतो, असे दिसते. ती बिळातून हिंडताना इतरांना नाकाने ढकलत राहते. या ढकलण्याचा संबंध काही संशोधकांनी आळशी सभासदांना कामाला लावण्याशीही जोडला आहे. पिल्ले सांभाळायची ओढ इतरांत कशी येते, याचा एक धागा जपानमधल्या संशोधकांना २०१८ मध्ये सापडला : राणीची विष्ठा खाल्ल्यामुळे तिच्यातले स्त्री-संप्रेरक इतर माद्यांच्या शरीरात जाते आणि त्या पिल्लांच्या आवाजाला जास्त प्रतिसाद देऊ लागतात. राणी मेली की मात्र बहुधा वारसाहक्क वगैरे काही नसतो. मोठ्या माद्यांमध्ये मारामाऱ्या होतात, काही जीव जातात आणि जी उरते ती राणी होते.

नात्याचा हिशेब इथेही केला गेला. बिळउंदरांत नर-मादी दोघांतही गुणसूत्रांचे दोन संच असतात, म्हणजे मधमाशीचा पाऊण हिस्सा इथे नाही. पण डीएनएच्या ठशांवरून १९९० मध्ये एका वसाहतीतल्या उंदरांचे परस्परांशी नाते सरासरी ०.८१ इतके जवळचे आढळले, कारण पिढ्यान्‌पिढ्या घरातल्या घरातच संग होत होता. तेव्हा उत्तर पुन्हा नात्यातच मिळाले असे वाटले. नंतर चित्र बदलले. दूर जाण्यासाठी चरबी साठवणारे, परक्यांशी जोडी जमवायला उत्सुक असणारे काही उंदीर असतात, हे १९९६ मध्ये कळले. घरातच लग्ने हा काही त्यांचा कडक नियम नाही.

मग बाहेर पडून संसार थाटणारे इतके थोडे का? उत्तराचा मोठा वाटा मातीत आहे. कंद मोठे असतात, पण दूरदूर विखुरलेले. जमीन इतकी टणक की पाऊस पडून गेल्यावरच मोठी खोदाई शक्य होते. उन्हाळ्यातल्या मुरमाड माळावर हाताने खड्डा काढून पाहिला की कल्पना येईल. एकट्या जोडप्याने योग्य दिशेने खणून कंद गाठण्याआधी उपासमारीने मरण्याचीच शक्यता जास्त. पन्नास जण खणत असतील तर कोणाला तरी कंद लागतोच. म्हणजे राबणारा उंदीर वांझ राहतो तो ‘हलक्या’ वंशाचा म्हणून नव्हे. बाहेर पडण्याचा रस्ता फार महाग आहे म्हणून.

पत्र्याखालचे घरटे

आफ्रिकेतला उंदीर आपल्याला चित्रातच पाहायला मिळणार. पण याच प्रश्नाचे तितकेच मोलाचे उत्तर आपल्या दारात लटकलेले असू शकते. छपराच्या कोनात, खिडकीच्या चौकटीत, शेडच्या पत्र्याखाली एका देठाला टांगलेले, करड्या कागदाचे, उघड्या घरांचे छोटे घरटे आपण पाहिलेले असते. अशी घरटी करणारी ‘रोपॅलिडिया मार्जिनाटा’ ही गांधीलमाशी दक्षिण भारतात सर्रास आढळते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी तिचा कित्येक दशके अभ्यास केला. माश्यांवर रंगाचे ठिपके देऊन प्रत्येकीला ओळख द्यायची आणि घरट्यासमोर बसून नोंदी करायच्या, असे या अभ्यासाचे मुख्य साधन होते.

या माशीत राणी आणि कामकरी दिसायला सारख्याच असतात. राणी कोणावर दादागिरी करीत नाही. उलट घरट्यातल्या शांत माश्यांपैकी ती एक असते. तिला काढून घेतले की काही मिनिटांतच एक कामकरी एकदम आक्रमक होते, आठवड्याभरात शांत होत अंडी घालू लागते आणि नवी राणी बनते. बाकीच्या तिला विरोध करीत नाहीत. कोण वारस हे माश्यांना जणू माहीत असते, पण राणी जागेवर असताना पाहणाऱ्याला ते ओळखता येत नाही!

गदगकर यांच्या गटाने नुकत्याच कोशातून निघालेल्या माद्या एकेकट्या ठेवून त्यांना भरपूर अन्न दिले. त्यांपैकी साधारण निम्म्यांनी अंडी घातली. बाकीच्यांनी नाही. म्हणजे कोशातून बाहेर येण्याआधीच थोडा कल ठरलेला होता. पण तो वंशाने नव्हे, तर अळी असताना मिळालेल्या अन्नाशी निगडित होता. नात्याचा हिशेबही इथे साधा निघाला नाही. राणी अनेक नरांशी संग करते आणि राण्या बदलत जातात. त्यामुळे घरट्यातल्या माश्यांचे परस्परांशी नाते पाऊण तर सोडाच, निम्म्याहूनही कमी भरते. तरीही त्या एकत्र राहतात, कारण एकटीने घरटे उभारले तर पिल्ले मोठी होण्याआधी ती मरण्याची शक्यता फार असते. आणि कामकरीला आशाही असते : आज राबते आहे, उद्या राणी होऊ शकते किंवा बाहेर पडून आपले घरटे बांधू शकते.

फळ्यावर काय लिहावे?

हा इतिहास वर्गात नेताना तीन गोष्टी सांभाळाव्यात, असे आम्हाला वाटते.

पहिली शब्दाची. ‘तीन जाती’ऐवजी ‘कामानुसार तीन प्रकार’ असे लिहिले तर शास्त्र तिळभरही बिघडत नाही. नर आणि मादी हा फरक जन्माने ठरतो, हे सांगावेच. पण राणी आणि कामकरी हा फरक मधमाशीत आहाराने, बिळउंदरात सहवासाने आणि गांधीलमाशीत आहार व संधी यांच्या मेळाने ठरतो, हेही त्याच दमात सांगावे. ‘राणी’ हा शब्दही थोडा सैल करावा. ती हुकूम देत नाही, विते.

दुसरी प्रामाणिकपणाची. नियमाला अपवाद आहेत. काही मुंग्यांमध्ये राणी व्हायचे की कामकरी, यात वंशाचा स्पष्ट वाटा आढळला आहे. तो लपवू नये. मुलांना पूर्ण चित्र दिले की त्यांचा विश्वास वाढतो.

तिसरी सर्वांत नाजूक. मधमाशी आहारावर राणी होते, म्हणून माणसांनीही समतेने वागावे, असा धडा काढण्याचा मोह होईल. तो टाळावा. बिळउंदराच्या राणीची मारामारी आपण अनुकरणीय मानणार नाही, मग पोळ्याचे तेवढे का मानायचे? शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी कोल्हापूर संस्थानात मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढला, तो कोणत्या कीटकाकडे पाहून नव्हे. तो माणसांनी माणसांसाठी घेतलेला निर्णय होता. शास्त्र येथे फक्त एक काम करू शकते आणि ते पुरेसे मोठे आहे : ‘उच्चनीचता हा निसर्गाचाच नियम आहे’ असे म्हणत कोणी मधमाशीला साक्षीला उभे केले, तर ती साक्ष खोटी आहे, हे मुलाला पुराव्यानिशी सांगता यावे.

शेवटी एक उपक्रम. शाळेच्या किंवा शेडच्या आवारात गांधीलमाशीचे छोटे घरटे उंचावर, वर्दळीपासून दूर असेल तर ते लगेच जाळून टाकू नका. शिक्षकांच्या देखरेखीखाली चार-पाच मीटर अंतरावरून, शक्य असल्यास दुर्बिणीने, रोज दहा मिनिटे पंधरा दिवस पाहा. आग्या माश्यांच्या पोळ्याजवळ मात्र असा प्रयोग मुळीच करू नये. किती माश्या बाहेर जातात? काय घेऊन येतात? घरट्यावर बसून राहणारी कोण? त्यांपैकी राणी कोणती, हे विद्यार्थ्यांनी नुसते पाहून ओळखण्याचा प्रयत्न करावा. बहुधा ओळखता येणार नाही. का येत नाही, यावर वर्गात एक तास खर्च करायला हरकत नाही.